डब्यावरचा आकडा पांढऱ्या बेसचा, भिंतीवर रंग गडद निळा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग व गुणवत्ता नियंत्रण विभाग

विषय : ‘लो ओडर, लो व्हीओसी’ (वास कमी, हवेत उडणारी सेंद्रिय द्रव्ये म्हणजे व्हीओसी कमी) म्हणून विकलेल्या इंटिरिअर इमल्शनबद्दल तक्रार व लेखी खुलाशाची मागणी

महोदय,

आपल्या कंपनीचे घरातल्या भिंतींसाठीचे वॉटर-बेस्ड इमल्शन मी दोन खोल्यांना लावून घेतले. बिल, बॅच नंबर आणि डब्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. आईला दमा आहे, त्यामुळे रंग निवडताना चकाकी आणि धुण्याची सोय या गोष्टी मी मागे ठेवल्या. डब्यावरची दोनच वाक्ये पाहून निर्णय घेतला : ‘व्हीओसी ५ ग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी’ आणि ‘आज रंगवा, आज रात्री त्याच खोलीत झोपा’. माझी तक्रार या दोन वाक्यांबद्दल आहे. रंग सोलला, फुगला, डाग पडले, यातले काहीही झालेले नाही, हे आधीच सांगते. त्यामुळे ‘पृष्ठभागाची तयारी नीट झाली नसेल’ हे ठरलेले उत्तर कृपया पुन्हा पाठवू नये.

दोन्ही खोल्यांना रंगारी एकच होता. पुट्टी तीच, आपलाच प्रायमर, दोन्हींवर दोन-दोन हात, दोन्हीकडे खिडक्या सारख्या. फरक फक्त शेडचा. एका खोलीला फिकट क्रीम आणि दुसरीला आपल्याच शेड कार्डावरचा गडद निळा. क्रीम खोलीतला वास लवकर गेला, तिच्याबद्दल काहीही म्हणणे नाही. निळ्या खोलीत मात्र काही आठवडे उलटले तरी दार बंद करून उघडले की डोळे चुरचुरतात आणि आईला खोकल्याची उबळ येते. तिथे ती अजून एकदाही झोपलेली नाही.

आता हा फरक कुठून आला ते पाहू. फिकट शेड पांढऱ्या बेसमधून, म्हणजे शेड न मिसळलेल्या मूळ रंगातून होते आणि तिला कलरंट, म्हणजे शेड आणणारी पेस्ट, अगदी थोडा लागतो. गडद शेडसाठी डीलर वेगळा, जवळजवळ रंगहीन असा डीप बेस घेतो आणि टिंटिंग मशीनमधून त्यात कितीतरी जास्त कलरंट सोडतो. ही रंगद्रव्याची पेस्ट मशीनच्या नळीत सुकू नये म्हणून जुन्या पद्धतीच्या कलरंटमध्ये इथिलीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेले असते. या दोन्हींचा उत्कलनबिंदू २०० अंश सेल्सिअसच्या आत आहे, म्हणजे ती सरळसरळ व्हीओसीच. ग्लायकॉल नसलेले कलरंटही बाजारात आहेत, अनेक कंपन्या ते वापरतात. डीलरच्या मशीनमध्ये कोणते होते, हे मी ग्राहक सेवेला विचारले. उत्तर आले, ‘आमचे उत्पादन लो व्हीओसी आहे.’ विचारले कलरंटबद्दल, सांगितले डब्याबद्दल.

हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दोन मोठ्या रंग कंपन्यांच्या ‘झिरो व्हीओसी’ जाहिरातींवर नेमका हाच आक्षेप घेतला होता : दावा रंग न मिसळलेल्या बेसला लागू पडेल, पण ग्राहक घरी नेतो तो रंग मिसळलेला डबा, आणि त्यात व्हीओसीचे प्रमाण बरेचदा खूप जास्त असते. पांढऱ्या बेसची भिंत कोण रंगवून घेतो? शेड कार्डावर शेकडो शेड छापायच्या आणि आकडा मात्र एकीचाही द्यायचा नाही, ही पद्धत इतक्या वर्षांनंतर चालू राहावी याचे मला खरेच आश्चर्य वाटते. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशात मर्यादा ‘वापरासाठी तयार’ अवस्थेतल्या रंगाला लावली आहे. आतल्या भिंतींच्या मॅट वॉटर-बेस्ड रंगासाठी ती २०१० पासून लिटरमागे ३० ग्रॅम आहे. म्हणजे कलरंट धरून आकडा देणे शक्य आहे, द्यायची इच्छा हवी.

आपला ‘५ ग्रॅम’ हा आकडा कसा काढला, तेही डब्यावर लिहिलेले नाही. एक लिटर रंगात अर्धा लिटर पाणी आणि २० ग्रॅम व्हीओसी असेल, तर पाणी धरून आकडा २० येतो आणि पाणी वगळून ४०. अमेरिकेत पाणी वगळून मोजतात, युरोपात पाण्यासकट. डबा तोच, आकडा दुप्पट. दुकानात तीन कंपन्यांचे डबे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या ग्राहकाने यातले काय समजून घ्यायचे?

वासाबद्दल आपल्या प्रतिनिधीशी झालेले बोलणे तर लेखी नोंदवून ठेवण्यासारखे आहे. ‘मॅडम, वास कमी झाला म्हणजे केमिकल गेले,’ असे ते म्हणाले. हे खरे नाही, आणि रंग विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला ते ठाऊक असायला हवे. अमोनियाचा दर्प नाकाला झोंबतो, पण तो सेंद्रिय नसल्यामुळे व्हीओसीच्या हिशेबात येतच नाही. उलट इथिलीन ग्लायकॉलला जवळजवळ वास नसतो, तरी ते मोजले जाते. तिसरा प्रकार आणखी अवघड. रंग वाळताना त्यातले कण एकजीव व्हावेत म्हणून काही द्रवे घालतात. त्यातल्या काहींचा उत्कलनबिंदू २५० अंशांच्या थोडा वर असतो. युरोपच्या व्याख्येत व्हीओसीची हद्द २५० वर संपते, म्हणून ही द्रवे आकड्यात धरली जात नाहीत. भिंतीतून मात्र ती सावकाश, कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात. नाकाने व्हीओसी मोजता येत नाही आणि एकट्या ग्रॅमच्या आकड्याने खोलीतली हवाही कळत नाही.

म्हणूनच डब्यात काय आहे याच्या जोडीला भिंतीतून काय बाहेर पडते, याची चाचणी, म्हणजे उत्सर्जन चाचणी लागते. रंगाचा नमुना बंद चेंबरमध्ये ठेवून ठरावीक दिवसांनी तिथली हवा तपासतात. फ्रान्समध्ये २०१२ पासून बाजारात येणाऱ्या नव्या रंगांना अशा २८ दिवसांच्या चाचणीवर आधारित श्रेणी लेबलवर छापावी लागते. सर्वांत वरच्या ए-प्लस श्रेणीसाठी एकूण व्हीओसी घनमीटरमागे १,००० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आणि फॉर्मल्डिहाइड १० पेक्षा कमी लागते. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. ‘अशा बारीकसारीक चाचण्या कोणी विचारत नाही’ हे आपले उत्तर त्यामुळे मला पटत नाही. मी विचारते आहे.

आणखी एक गोष्ट. वॉटर-बेस्ड रंग डब्यात कुजू नये म्हणून त्यात आयसोथायझोलिनोन वर्गातली परिरक्षके घालतात. त्यातल्या मिथाइलआयसोथायझोलिनोनचे प्रमाण ०.००१५ टक्के झाले की युरोपात ते मिश्रण त्वचेला अ‍ॅलर्जी आणणारे ठरते. ताज्या रंगवलेल्या खोलीत नुसते बसूनही काही लोकांच्या चेहऱ्यावर चट्टे उठतात, डोळे चुरचुरतात. डब्यावर याबद्दल अवाक्षर नाही. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे घटक आणि धोके सांगणारे पत्रक, मागितली तेव्हा रंगीत माहितीपत्रक आले, ज्यात हसणारे बाळ आहे.

प्रायमर आणि पुट्टीचे आकडे वेगळे असतात, तेही कुठे दिलेले नाहीत. त्यावर जास्त लिहीत नाही.

खिडक्या उघड्या ठेवा, हा सल्ला मिळाला आणि तो आम्ही पाळतोच आहोत. पण हाताला कोरडा लागलेला रंग पुरता मुरायला काही आठवडे लागतात, दमट हवेत त्याहून अधिक. हे आपल्या तांत्रिक पत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले आहे आणि डब्याच्या दर्शनी भागावर ‘आज रात्री झोपा’ मोठ्या अक्षरांत. दोन्ही वाक्ये एकाच कंपनीची आहेत. पुढच्या फोनवर तर मला सुगंधी मिश्रण मोफत पाठवायची तयारी दाखवली गेली! सुगंध म्हणजे पुन्हा हवेत उडणारी सेंद्रिय द्रव्येच. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत आणखी वास आणून टाकायचा, हा उपाय सुचवणाऱ्याला आधी प्रशिक्षण द्यावे.

माझ्या मागण्या अशा. सोबतच्या बॅच नंबरचा डीप बेस आणि माझी शेड, दोन्ही मिळून तयार झालेल्या रंगाचा व्हीओसी आकडा पाणी धरून आणि पाणी वगळून, असा दोन्ही प्रकारे लेखी कळवावा. मशीनमधल्या कलरंटचे नाव, तसेच कलरंट, बेस आणि प्रायमर या तिन्हींच्या सेफ्टी डेटा शीट द्याव्यात. उत्सर्जन चाचणी झाली असेल तर तिचा अहवाल द्यावा आणि ती नुसत्या पांढऱ्या बेसची आहे की रंग मिसळलेल्या नमुन्याची, हे स्पष्ट लिहावे. झाली नसेल तर तसे लिहावे. निळी खोली ग्लायकॉलमुक्त कलरंटच्या फिकट शेडमध्ये स्वखर्चाने पुन्हा रंगवून द्यावी किंवा त्या खोलीचा रंग आणि मजुरी परत करावी. ‘आज रात्री झोपा’ हे वाक्य डब्यावरून काढावे, निदान गडद शेडच्या डब्यांवरून तरी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर हेच पत्र पुराव्यांसह ग्राहक न्यायालयात दाखल करीन.

उरलेला निळा रंग मी झाकण घट्ट लावून ठेवला आहे, डीलरने डकवलेले टिंटिंगचे लेबल अजून त्यावर आहे. नमुना न्यायला माणूस पाठवायचा असेल तर आधी फोन करावा. खोलीत येऊन, हुंगून ‘काही नाही’ म्हणणारा माणूस मात्र नको, तो एकदा येऊन गेला आहे.

कळावे,
आपली एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, डब्यांचे व टिंटिंग लेबलचे फोटो, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार