दोन्ही फिक्के! (आमच्या मेडिकलवाल्या काकांना)

काका, तुमच्या मोबाईलला अजून बटणंच आहेत, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत नातवाकडूनच पोचणार. नाव टाकत नाही, टाकलं तर तुम्ही दुकानात घेणार नाही मला.

मागच्या श्रावणात सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम चरबी. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, दिवसभर बूड खुर्चीला. दारूचा थेंब नाही, गळ्यात माळ आहे, तरी ज्याला सांगावं तो आधी हसून विचारणार "कधीपासून घेतो बे?" बायकोच्या माहेरी तर आठवडाभर कुजबुज. आधी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी रिपोर्ट बघितला, मला नाही बघितलं. "तेलकट बंद, वजन कमी करा" आणि लगेच बेल, नेक्स्ट. किती कमी करू, काय खाऊ, मी दारात उभा राहून विचारलं तर कंपाउंडरनं बाहेर काढलं.

मग काय, घाबरलेला माणूस म्हणजे सगळ्यांचं गिऱ्हाईक. मित्रानं साडेतीन हजाराची लिव्हर साफ करायची पावडर गळ्यात मारली, मेव्हण्यानं गुळवेलीच्या गोळ्या दिल्या, मी स्वतः मोबाईलवर बघून ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि हळदीच्या कॅप्सूल मागवल्या, आणि हे सगळं एकदम चालू! दीड महिन्यानं एसजीपीटी (रक्तातला आकडा, लिव्हरला त्रास झाला की वाढतो) ९२ ची १४८ झाली. मला वाटलं औषध कमी पडतंय, म्हणून तुमच्याकडे सिलीमरीन, ती लिव्हरसाठी म्हणून विकतात ती गोळी, मागायला आलो.

तुम्ही दिलं नाही. पिशवी काउंटरवर उपडी करायला लावली आणि भिंग घेऊन एकेक डबी वाचत बसलात, मागे चार गिऱ्हाईकं ताटकळत होती. म्हणालात, "हळद भाजीत घाल की, कॅप्सूल कशाला? हळदीच्या नि ग्रीन टीच्या असल्या कॅप्सूलनीच लिव्हर सुजल्याच्या केसेस आहेत, गुळवेलीवर तर मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ ला लिहिलंय." सिलीमरीन तुम्ही वर्षानुवर्षं विकताय, पण त्यानं लिव्हरची चरबी उतरते असा भक्कम पुरावा नाही हेही तुम्हीच सांगितलं. व्हिटॅमिन ई म्हटलं तर, ते काही पेशंटना डॉक्टर देतात, पण तपासून, शुगर आहे का बघून, आपल्या मनानं नाही. पिशवीला गाठ मारलीत आणि ती तशीच घेऊन पोटाच्या डॉक्टरकडे जा म्हणालात. त्या दिवशी माझ्याकडून तुमची एक रुपयाची विक्री झाली नाही. दुकानात बसून "घेऊ नको" म्हणणारा माणूस मी तरी पहिल्यांदा बघितला, आणि अशी माणसं आहेत म्हणून गल्ल्या चालतात असं मला आता खरंच वाटायला लागलंय, असो.

पण काका, मला लिहायचंय ते चहाबद्दल.

मी दिवसाला सहा चहा प्यायचो, प्रत्येकात दोन चमचे साखर. तुम्ही बिलाच्या मागे लिहिलं, १२ चमचे, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास. "तेलाला शिव्या घालतोस, ही साखर कुठं जाते? लिव्हर तिचीच चरबी करून ठेवतं." तेवढ्यात चहावाला पोरगा आला. मी नको म्हणणार तोच तुम्ही म्हणालात, "दोन आण. दोन्ही फिक्के." मला एकट्याला नाही, दोन्ही! पहिला घोट घेतला तेव्हा माझं तोंड कसं झालं ते तुम्ही बघितलं, पण हसला नाहीत, तुम्ही पण तसाच कडू तोंडानं संपवलात. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला कारखान्यातून सुटलो की तुमच्याकडे, आणि दोन्ही फिक्के.

बाकी काय, जे डॉक्टर पोटाचे भेटले ते चांगले होते, वेळ दिला, ७ ते १० टक्के वजन उतरवा म्हणाले, तेही हळूहळू, उपाशी राहून नाही. रात्रीचा भात गेला, दोन भाकऱ्या, भाजी, डाळ, शेंगाचटणी एक चमचा (ती सोडायला सांगितली असती तर मी डॉक्टरच बदलला असता). ज्यूस बंद, फळ चावून. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं पाऊण तास चालणं, आठवड्यातून पाच दिवस, एप्रिलमध्ये उजाडायच्या आत. ८६ किलोचा ७९ झालो. एसजीपीटी ४१ वर आली. नवीन गोळी एकही नाही.

परवा काकू दुकानात बसल्या होत्या. पोरगा चहा घेऊन आला, मी सवयीनं म्हटलं काकांचा पण फिक्काच ठेव. काकू हसायला लागल्या. "फिक्का? अरे त्यांना घरी तीन चमचे लागतात, एक कमी पडला तर कप परत येतो!"

आठ महिने, काका. शुगर नाही, बीपी नाही, काडीसारखे तुम्ही, आठ महिने रोज संध्याकाळी तो कडू चहा पीत होतात आणि एकदा बोलला नाहीत.

उद्या सहाला येतोय. पोराला आधीच सांगून ठेवलंय, एक फिक्का, एक तीन चमच्यांचा.