भाट्याच्या खाडीतल्या काकीला

काकी,

हे पत्र तुझी नात तुला वाचून दाखवील. घरात बसून दोन शब्द बोलले असते तरी तुला पुरले असते, मला पुरले नसते. तू आमच्यासाठी काय केलंस ते चार लोकांना कळावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

2009 च्या मे महिन्यात बाबांचा हात ट्रॉलरवरच्या विंचमध्ये सापडला. खलाशी बोटीवर गेला नाही की घरात पैसा येत नाही, आणि पुढे तर पावसाळ्याची मासेमारीबंदी. मी नववीत जाणार होते. आई कुठे धुणीभांडी मिळतात का बघत फिरत होती. तेव्हा तू दारात येऊन एवढंच म्हणालीस, "उद्या अमावास्या. पहाटे पाणी लांब जाईल. पाटी घे नि चल माझ्याबरोबर."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला तुझ्याकडून कळलं. अमावास्या पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती, आणि पहाटे पाचच्या सुमारास खाडी उघडी. मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, डोळ्यांनी नाही, पायाच्या बोटांनी शोधायचे. कालवं खडकावरच कोयतीने उघडायची. पहिल्या दिवशी आईच्या मुळ्यांचे दोन वाटे झाले, सत्तर रुपये आले. त्या रात्री आई कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. ना होडी, ना डिझेल, ना कर्ज. नवऱ्याचा हात मोडलेल्या बाईला दुसऱ्या दिवसापासून कमाई देणारी दुसरी कुठली जागा रत्नागिरीत होती, सांग. बंदरावर उतरलेल्या मासळीचे आकडे छापून येतात. पाटीतून घरोघरी जाणारी कालवं सहसा कुठल्या वहीत चढत नाहीत, पण माझ्या शिक्षणाची निम्मी फी त्याच पाटीतून आली.

तुझे नियम कडक होते. नखाएवढा मुळा दिसला की परत चिखलात. कालवाचं मांस घ्यायचं, शिंपला तिथेच टाकायचा. मी एकदा चुन्यासाठी शिंपले गोळा करायला लागले तर ओरडली होतीस, "त्यांची घरं नेऊ नकोस!" पुढे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात सरांनी सांगितलं की कालवाची पिल्लं काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग कठीण जागा शोधून कायमची चिकटतात. जुने शिंपले त्यांना फार मानवतात. एवढंच नाही, कालवं पाणी गाळून खातात, त्याने खाडीचं पाणी निवळतं. वर्गात सगळे लिहून घेत होते आणि मला चिखलात गुडघाभर उभी राहिलेली तू दिसत होतीस.

आणि तिवरं, खाडीकाठची खाऱ्या पाण्यातली झाडं. काठावर कुणीतरी रात्रीत मातीचे डंपर रिकामे करायला लागलं तेव्हा आम्ही गप्प बसलो. तू बायकांना घेऊन तिथे जाऊन बसलीस. तिवरांच्या मुळांत कोळंबीची पिल्लं वाढतात, बोय मासा येतो, कुर्ल्या बिळं करतात, हे तुला कुणी शिकवायला लागलं नाही. तिवरांची तोड म्हणजे माणसाच्या मूलभूत हक्कांवर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली निकालात म्हटलं. ती बातमी मी तुला फोनवर वाचून दाखवली, तर तू म्हणालीस, "मग तेव्हा काय मी वायलं सांगत होते?"

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं त्या रात्री मी पुण्यात होते आणि फोन लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं, भराव पडलेल्या बाजूला खारं पाणी अंगणात शिरलं, आपल्या बाजूचा बांध शाबूत आहे. आपल्या बाजूला तू राखलेली तिवरं होती. काकी, मी त्या दिवशी खूप रडले.

बाबांनी कधी तोंडाने म्हटलं नाही, त्यांच्याही वतीने आभार. आईने तर तुला रोज म्हटलं असेल.

येत्या अमावास्येला मी येते आहे. आईचे गुडघे आता चिखलात उतरू देत नाहीत, पण काठावर बसून मुळे निवडीन म्हणते. माझी कोयती गंजली असेल, जरा धार लावून ठेव.

तुझीच,
शेजारच्या घरातली थोरली