कोणत्या गणपतीच्या आत? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सा.न.वि.वि.

पावसाळ्याच्या तोंडावर आपण आमच्या नवी मुंबईतल्या स्टेशनावर आला होतात. फीत कापलीत, शाल-श्रीफळ स्वीकारलंत आणि माइकवरून शब्द दिलात, "गणपतीच्या आत लिफ्ट सुरू होईल." कोणत्या गणपतीच्या, हे आम्हीच विचारून घ्यायला हवं होतं. परवा रात्री आईला घेऊन दिल्लीहून आलो. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. पनवेलला एक्स्प्रेसमधून उतरून लोकल धरली आणि आमच्या स्टेशनावर तिला त्याच बंद लिफ्टच्या बाजूचा जिना चढावा लागला. दर चार पायऱ्यांना थांबत, एका हाताने कठडा, एका हाताने माझा खांदा. लिफ्टच्या दाराला 'काम चालू आहे' असा कागद आहे. त्यावरची अक्षरं उडालीत, चिकटपट्टी मात्र नवी आहे. म्हणजे देखभाल होते, कागदाची.

हे एवढं लागायचं कारण सांगतो. दिल्लीत हीच बाई लाल किल्ला, हुमायूनचा मकबरा, कुतुबमिनार सगळं बघून आली, तेही मेट्रोने. राजीव चौकात गाडी बदलताना मी माणसांच्या लोंढ्यात गोंधळलो, तर आईच म्हणाली, "अरे, खाली पावलं रंगवलीत, त्यांच्यावरून चल." पहिला डबा बायकांचा, तिथे एका मुलीने उठून तिला जागा दिली. लाल किल्ल्याच्या दारात स्टेशन आहे. तिथून फतेहपुरीपर्यंत चांदणी चौकात दिवसा मोटारींना बंदी, म्हणून सायकलरिक्षाने आरामात गेलो. सगळं गोड होतं असं नाही. कुतुबमिनार नावाच्या स्टेशनावर उतरलं की मिनार चांगलाच लांब राहतो आणि रिक्षावाले तिथेही तोंड बघून भाडं सांगतात. हवेबद्दल तर बोलायलाच नको. पण लिफ्ट चालू होत्या हो! जिथे उतरलो तिथे.

बाजीराव पेशवे 1737 साली दिल्लीच्या वेशीवर धडकले, त्यांना लिफ्ट लागली नाही. माझ्या आईला लागते.

आता हिशेब ऐका. दिल्ली मेट्रोचं काम 1998 साली सुरू झालं, 2002 च्या डिसेंबरात पहिली गाडी धावली आणि 2006 पर्यंत पहिल्या टप्प्याचे 65 किलोमीटर पूर्ण झाले. आमची बेलापूर ते पेंधर मेट्रो 11 किलोमीटरची. काम 2011 ला सुरू, गाडी धावली नोव्हेंबर 2023 मध्ये. बारा वर्षं! वर्षाला एक किलोमीटरसुद्धा भरत नाही. भागाकार चुकला असेल तर आपल्या पीएंनी दुरुस्त करावा, त्यांच्याकडे वेळ असतो.

तुम्ही तर दिल्लीला सारखे जाता. श्रेष्ठींना भेटायला जाता, खातं वाचवायला जाता. एकदा ताफा बाजूला ठेवून मेट्रोने जा की. आणि ते अभ्यासदौरे! अधिकारी जातात, फोटो येतात, अहवाल कुठे मुरतो ते कळत नाही. 95 गावांच्या जमिनी घेऊन हे 'नियोजित' शहर वसवलं. इथे चाळीस मजली टॉवरला परवानगी आधी मिळते, त्याच्या दारात बस नंतर येते, किंवा येतच नाही. त्या रात्री स्टेशनाबाहेर बस नव्हती. रिक्षावाल्याने मीटरला हात न लावता दुप्पट भाडं सांगितलं, वर आईकडे बघून म्हणाला, "चालत जा मग." मीटरची तक्रार करायला दिलेला नंबर लागतो, पण कोणी उचलत नाही. भूमिपूजन एका सरकारचं, लोकार्पण दुसऱ्याचं, श्रेय दोघांचं, आणि जिना आमचा. तुमच्या वाढदिवसाचा फलक मात्र त्याच जिन्यावर एका रात्रीत लागला. त्याला निविदा लागली नाही वाटतं?

मागणं फार नाही. लिफ्ट चालू करा. रात्री शेवटच्या लोकलपर्यंत स्टेशनाबाहेर बस ठेवा. रिक्षा मीटरने चालतील एवढं बघा. आणि उत्तर पाठवणार असाल तर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे अग्रेषित' असलं छापील नको, तसली माझ्याकडे फाइलभर आहेत. तारीख लिहा. सणाचं नाव नको, तारीख, महिना आणि साल.

आपला,
खारघरमधला एक करदाता