शऱ्याबद्दल विचारायचंय

मिसिसॉगा, फेब्रुवारी अखेर

प्रिय बाळ्या,

उशिराबद्दलच्या शिव्या राखून ठेव. बीपी ठीक, गोळ्या चालू.

आमच्या तेरा वर्षांखालच्या आइस हॉकी टीममधला एक पोरगा परवा प्रॅक्टिसला पाय निसटून रिंकच्या कडेच्या बोर्डवर आपटला. या वयात अंगावर धडक मारायला 2013 पासून कॅनडाभर बंदी आहे, पण घसरण्यावर बंदी कोण घालणार? उठला, दोन फेऱ्या मारल्या, मग आपणहून बेंचपाशी आला. माउथगार्ड दातांत धरूनच म्हणाला, "कोच, दिवे टोचतायत." मला एकदम शऱ्या दिसला. कपाळाला तुझा रुमाल, आणि मामा म्हणतायत, "मर्दासारखा खेळ." (त्या सेमीफायनलचा कॉर्नर तुझ्याच पायामुळे गेला, हे मी अजूनही म्हणतो.)

पोराला तिथेच बसवलं. रविवारी फायनल. बापाचे रोज फोन: ठणठणीत आहे, एकच तर मॅच, नाहीतर दुसऱ्या क्लबात घालतो. त्याला रोवन स्ट्रिंगरचं सांगितलं. इथल्याच ऑन्टारियोची, 17 वर्षांची, रग्बी खेळायची. पहिला मार बरा व्हायच्या आत पुन्हा डोक्याला लागलं आणि 2013 मध्ये गेली. तिच्या नावानं 2018 मध्ये कायदा झाला. डोक्याला मार बसल्याची शंका आली की पोराला बाहेर काढायचं, डॉक्टरनं लेखी दिल्याशिवाय मॅचला घ्यायचं नाही. आधी विश्रांती, मग एकट्यानं स्केटिंग, मग ड्रिल, प्रत्येक पायरीला किमान 24 तास. रविवारी तो खेळणं शक्यच नाही.

बापाला मी पुरून उरेन. फायनल गेली तरी चालेल. झोप उडालीय ती बाकीच्या पोरांमुळे. ती बघतायत ना, ज्यानं खरं सांगितलं त्याचीच फायनल बुडाली. पुढच्या वेळी डोकं गरगरलं तर सांगेल कोण? पकची चकती पास करायला कुणीही शिकवतं रे. दुखलं तर दुखलं म्हणा, हे शिकवण्यात मी इथली इतकी वर्षं घातली. आणि बक्षीस काय मिळालं, तर तो पोरगा माझ्याशी बोलत नाही.

मॅचआधी ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना शऱ्याची गोष्ट सांगावी म्हणतो. सगळी, हॉस्टेलवरच्या त्या रात्रीसकट. बारा वर्षांची पोरं आहेत, झेपेल का? आणि काकूंना न विचारता सांगणं मला बरं वाटत नाही. तुझं त्यांच्याकडे जाणं-येणं आहे, तूच विचार.

वहिनींचा गुडघा कसाय? छकुलीच्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. ही हॉकी खरी की तुझी, तो वाद मी आलो की. काकू काय म्हणतात ते शनिवारपर्यंत कळव, रात्री-अपरात्री फोन केलास तरी चालेल.

तुझा,
अव्या