‘सिद्ध झाले’ हे शब्द जरा जपून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘येशू नावाचा माणूस झालाच नाही’ अशा आशयाचा लेख आला आणि पुढचे चार दिवस त्यावर पत्रांचा पाऊस पडला. लेखक ठासून सांगतात, बायबल ही मागाहून रचलेली कथा. उत्तर देणारे तितकेच ठासून सांगतात, पुरातत्त्वाने बायबलचा शब्दन्‌शब्द सिद्ध केला आहे. मी ख्रिस्ती आहे, जन्माने आणि पुढे विचार करूनही. त्यामुळे माझा कल कुणीकडे हे लपवत नाही. पण पोटासाठी मी अडतीस वर्षे प्रुफे तपासली. दोन्ही बाजूंची पत्रे वाचताना हात आपसूक लाल पेनाकडे गेला.

आधी माझीच एक चूक सांगतो. एका संस्थेच्या स्मरणिकेचे प्रूफ माझ्याकडे होते. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दावर संपत होत्या. जुळाऱ्याची नजर पहिल्या ओळीच्या शेवटावरून थेट दुसऱ्या ओळीच्या शेवटावर गेली आणि मधली ओळ गळाली. मूळ प्रतीशी ताडून पाहताना माझीही नजर तिथेच घसरली. स्मरणिका छापून, बांधून, वाटून झाली. गळालेल्या ओळीत ज्यांचे नाव होते ते गृहस्थ त्यानंतर माझ्याशी कधी बोलले नाहीत.

हे आठवायचे कारण यशयाची गुंडाळी, म्हणजे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची जुनी हस्तलिखित प्रत. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत पहिल्या चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतली ही एक. सतरा कातडी तुकडे शिवून केलेली, सव्वासात मीटरांहून थोडी लांब, ५४ रकान्यांची, ख्रिस्तापूर्वी सुमारे सव्वाशे वर्षांची. ती सापडेपर्यंत हिब्रू शास्त्राची, म्हणजे आमच्या जुन्या कराराची, संपूर्ण अशी जुन्यात जुनी प्रत इ. स. १००८ची होती. म्हणजे एका फटक्यात हजाराहून जास्त वर्षे मागे जाता आले. मधल्या काळात हाताने प्रती उतरवणाऱ्या नकलाकारांनी काय काय घुसडले असेल, याबद्दल बरेच तर्क होते. ताडून पाहिले तर यशयाचा ग्रंथ ओळखीचाच निघाला. फरक शेकड्यांनी आहेत, पण बहुतेक आमच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या जातीचे.

त्या गुंडाळीचा ३३वा रकाना मी छायाचित्रात भिंग लावून पाहिला आहे. हिब्रू मला येत नाही, पण दुरुस्ती कुठल्याही लिपीतली ओळखू येते. चाळिसाव्या अध्यायात ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे शब्द दोनदा येतात. नकलाकाराने ते एकदाच लिहिले आणि मधला मजकूर गळाला. पुढे दुसऱ्या कुणीतरी, वेगळ्या हाताने, तो दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात भरला. जागा पुरेना तेव्हा समासात उतरला. देवाचे नाव आले तिथे त्याने अक्षरे लिहिली नाहीत, चार ठिपके दिले. आम्ही काकपद देऊन समासात शब्द चढवायचो, अगदी तसेच. त्या वचनाचा शेवट ठाऊक असेलच: ‘पण आमच्या देवाचे वचन सर्वकाळ कायम राहते.’ नेमक्या त्या वचनापाशी नकलाकार चुकला आणि कुणीतरी ते समासात सांभाळले.

आता याचीच दुसरी बाजू, जी आमच्या उपासनेतल्या व्याख्यानांत सहसा ऐकू येत नाही. जुन्या ग्रीक भाषांतरातही हा मजकूर आखूडच आहे. त्यामुळे नकलाकार चुकलाच नव्हता, मूळच आखूड होते, असे मानणारेही अभ्यासक आहेत. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याचे तर आणखी अवघड. त्याच्या ग्रंथाचे ग्रीक रूप हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि त्या लहान रूपाशी जुळणारे हिब्रू तुकडेही कुमरानलाच मिळाले. म्हणजे त्या काळी एकाच ग्रंथाची दोन रूपे चालू होती. यशयाची गुंडाळी हातात धरून ‘काना-मात्रेचाही फरक नाही’ असे सांगणाऱ्याने यिर्मयाकडे पाठ फिरवलेली असते.

बायबलचा दुसरा भाग म्हणजे नवा करार, त्याचीही गोष्ट अशीच. ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून जास्त, त्यात चिंध्यांपासून पूर्ण ग्रंथांपर्यंत सगळे आले. पाठभेद लाखांच्या घरात. हा आकडा ऐकून एक बाजू हरखते आणि दुसरी घाबरते. दोघांनाही प्रुफांचा अनुभव नाही. एकाच मजकुराच्या पाच हजार नकला हाताने झाल्या, तर चुका लाखांनी होणारच. पण नकला इतक्या असल्यामुळेच कोणती चूक कुठे शिरली ते पकडता येते. एकच प्रत उरली असती तर पाठभेद शून्य निघाले असते आणि आपण डोळे मिटून तिच्यावर विश्वास ठेवला असता.

व्हॅटिकनच्या ग्रंथालयात चौथ्या शतकातली बायबलची एक प्रत आहे. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’च्या पहिल्याच अध्यायात तिथे एक शब्द बदलला गेला होता. शतकांनंतर आलेल्या कुणा वाचकाने तो खरवडून जुना शब्द परत घातला आणि दोन रकान्यांच्या मधे बदलणाऱ्याला उद्देशून लिहिले, अरे मूर्खा, दुष्टा, जुने राहू दे, बदलू नकोस. वाचून मला आमचे नाथमहाराज आठवले. शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती शुद्ध केल्यावर त्यांनी बजावून ठेवले होते की यात कुणी आपली ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजा. गंमत अशी की व्हॅटिकनच्या त्या संतापलेल्या गृहस्थाने परत घातलेला शब्दच आज बहुतेक अभ्यासकांना चुकीचा वाटतो! मूळचा नकलाकार तिथे चुकला होता आणि बदलणाऱ्याने दुरुस्तीच केली होती. ‘जुने ते खरे’ धरून प्रूफ तपासणाऱ्यांचे असे होते.

त्याच प्रतीत मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे त्याने सांगितलेले येशूचे चरित्र, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबते. रिकामी कबर पाहून स्त्रिया भिऊन पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, संपले. पुढची बारा वचने तिथे नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही नाही. ‘ज्याच्यात पाप नाही त्याने पहिला दगड टाकावा’, ही माझी सर्वांत आवडती गोष्ट. ती जुन्यात जुन्या प्रतींत नाही हे पहिल्यांदा कळले तेव्हा घरातले कुणी गेल्यासारखे वाटले होते. आज अनेक भाषांतरांत ती कंसात किंवा टीपेसह छापतात. कंस योग्यच आहे. गोष्ट मला अजून आवडते.

आता लेखकमहाशयांचा मूळ मुद्दा, येशू झालाच नाही. हा दावा टिकत नाही आणि त्यासाठी ख्रिस्ती साक्षीदार बोलवायचीही गरज नाही. टॅसिटस हा रोमन इतिहासकार इ. स. ११६च्या सुमारास लिहितो की रोम जळाल्याचा ठपका नीरोने ख्रिस्ती लोकांवर ठेवला. ज्याच्या नावावरून त्यांचे नाव पडले त्या ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने मृत्युदंड दिला होता. टॅसिटसच्या लेखी हा पंथ म्हणजे ‘घातक अंधश्रद्धा’, तेव्हा तो आमची भलामण करत नव्हता. या भागाचा आधार म्हणजे फ्लॉरेन्समधली अकराव्या शतकातली प्रत. तीत ‘ख्रिस्ती’ या शब्दातला एक स्वर आधी वेगळा होता, ‘ख्रेस्ती’ असा, आणि कुणीतरी तो खरवडून ‘इ’ केला. तिथेही आमच्या धंद्यातला कुणीतरी आधीच पोहोचला होता म्हणायचे.

इ. स. ११२च्या सुमाराचे प्लिनीचे पत्र मला जास्त जवळचे वाटते. बिथिनिया-पंतचा हा सुभेदार सम्राट त्राजानला विचारतो, या ख्रिस्ती लोकांचे काय करू? ते ठरल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात. खरे काय ते काढून घ्यायला त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्यांना ‘सेविका’ म्हणत. त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत.

योसेफस या यहुदी इतिहासकाराचे नाव मात्र आमच्या लोकांनी जपून घ्यावे. त्याच्या इ. स. ९३-९४च्या ग्रंथात येशूवर एक परिच्छेद आहे आणि त्यात ‘हाच ख्रिस्त होता’ असे वाक्य येते. यहुदी राहिलेला माणूस असे कशाला लिहील? तिसऱ्या शतकात ओरिगेन हा ख्रिस्ती विद्वान स्पष्ट सांगतो की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. म्हणजे मूळ उल्लेख साधा असावा आणि कुणा भाविक नकलाकाराने त्यावर रंग चढवला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एका सभेत मी हे बोललो तेव्हा ‘तुम्ही आमच्यातले की त्यांच्यातले’ असा प्रश्न आला होता. त्याच ग्रंथात पुढे ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब’ याला इ. स. ६२मध्ये दगडमार करून मारल्याचा कोरडा उल्लेख आहे. तो कुणी रंगवलेला दिसत नाही आणि म्हणूनच माझ्या दृष्टीने तो जास्त मोलाचा. भेसळ केलेले वाक्य आधी पुढे केले, की शेजारचे खरेही संशयात जाते.

दगडांबद्दल थोडक्यात. ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखामुळे गल्लियो इ. स. ५१-५२च्या सुमारास अखया या तिथल्या रोमन प्रांताचा अधिकारी होता हे कळते. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात प्रेषित पौलाला त्याच्याच न्यायासनापुढे उभे केले आहे. पौलाच्या आयुष्यातल्या तारखा बऱ्याचशा याच खुंटीला टांगलेल्या आहेत. इस्राएलातल्या तेल दान इथे १९९३-९४मध्ये ‘दाविदाचे घराणे’ असे कोरलेले तुकडे मिळाले, तेव्हा दावीद राजा निव्वळ दंतकथा म्हणणाऱ्यांना माघार घ्यावी लागली. १९६८मध्ये यरुशलेमजवळ एका कबरीत पुरुषाच्या टाचेच्या हाडात अडकलेला खिळा सापडला. टोक वाकल्यामुळे तो निघाला नसावा आणि तसाच पुरला गेला. क्रूसावर दिलेल्या माणसाला रीतसर कबर मिळू शकत होती, एवढे त्यावरून दिसते.

पण लूकच्या शुभवर्तमानातली शिरगणती? तो येशूचा जन्म रोमन सुभेदार क्विरीनियच्या शिरगणतीच्या वेळी सांगतो आणि मत्तय हेरोद राजाच्या हयातीत. क्विरीनियची नोंदणी इ. स. ६मधली आणि हेरोद बहुतेकांच्या मते ख्रिस्तपूर्व ४मध्ये वारलेला. ही नऊ-दहा वर्षे जुळवायचे बरेच प्रयत्न मी वाचले, एकानेही समाधान झाले नाही. आणि घाईचे काय होते ते वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाला विचारा. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून त्यांनी मिळवलेले सोळाही तुकडे बनावट असल्याचे २०२०मध्ये त्यांनाच जाहीर करावे लागले. मार्काच्या ‘पहिल्या शतकातल्या’ तुकड्याचा २०१२पासून गाजावाजा झाला. २०१८मध्ये तो रीतसर प्रसिद्ध झाला तेव्हा काळ निघाला दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याची सुरुवात.

येशू कबरेतून उठला का, हे कुठल्याही खोदकामात सापडणार नाही. पौल क्रूसानंतर पंचवीसेक वर्षांच्या आत करिंथकरांना लिहितो की ‘मला जे सांगण्यात आले तेच मी तुम्हांला सांगितले’ आणि येशू कुणाकुणाला दिसला त्यांची यादी देतो. इतक्या लवकर, इतक्या ठामपणे लोक हे सांगत होते, इथपर्यंत इतिहास येतो. पुढे मी माझ्या जबाबदारीवर जातो. त्याचे ओझे दगडांवर टाकत नाही.

जाता जाता मूळ लेखात एक दुरुस्ती. तिसऱ्या स्तंभात ‘राजा पिलात’ असे छापले आहे. पिलात राजा नव्हता. १९६१मध्ये कैसरियाच्या नाट्यगृहात, पायरीसाठी पुन्हा वापरलेला चुनखडीचा एक दगड इटालियन उत्खननकारांना मिळाला. त्यावर त्याचे नाव आहे आणि खालच्या ओळीत हुद्दा: यहूदियाचा ‘प्रीफेक्ट’. त्या शब्दाची पहिली अक्षरे उडाली आहेत, पण शेवट वाचता येतो. टॅसिटससुद्धा इथे चुकला; त्याने नंतरच्या काळातला ‘प्रोक्युरेटर’ हा हुद्दा लावला. आमच्या मराठी बायबलातला ‘सुभेदार’ अगदी चपखल आहे, तोच वापरावा. ‘राजा’ हा शब्द पिलाताने क्रूसावरच्या पाटीत दुसऱ्याच कुणासाठी लिहिला होता. याजकांनी तो बदलून मागितला तर ‘मी लिहिले ते लिहिले’ म्हणून त्याने दुरुस्ती साफ नाकारली. आपल्याकडे शुद्धिपत्रासाठी दुसऱ्या पानावर चौकट असते, तिच्यात दोन ओळी पुरतील.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक