वजन पाटे पेलतात, शॉकअप नव्हे

महोदय,

केळीची वाहतूक वाढली की रावेर-यावल पट्ट्यातल्या पिकअप गाड्या मागून डोलू लागतात आणि मालक 'जाड' शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर, हादरे आवरणारी तेलाची नळी) मागतात. वजन पेलतात ते पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतो. नळीवर तेल ओघळले असेल किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला असेल, तर मात्र शॉकअप बदलाच, आणि एका एक्सलवरचे (दोन चाकांमधल्या दांड्यावरचे) दोन्ही.

पाटा वाढवलेल्या गाडीला मूळ मापाचा शॉकअप आखूड पडतो. चाक खड्ड्यात लोंबले की तो पूर्ण ताणून तुटतो. लांबी मोजूनच घ्या.

शॉकअप बदलण्याच्या आदल्या रात्री त्याच्या नटांवर गंज सोडवणारे तेल टाका. चेसिस (गाडीचा सांगाडा) स्टँडवर आणि जॅक एक्सलखाली हवा. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा ओढा-दाबा, आतली हवा निघते. सर्वाधिक चुकते ते पुढे: चाके लोंबत असतानाच नट आवळले जातात. मग गाडी उतरवताच शॉकअपच्या टोकांतले रबरी बुश पिळले जातात, तसेच राहतात आणि लवकर फाटतात. शेवटची आवळणी चाके जमिनीवर असतानाच, पान्याला कितीही अडचण होवो.

– एक गॅरेजचालक, सावदा (जि. जळगाव)