क्षमा म्हणजे देवाची पदरमोड

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात असा प्रश्न विचारला होता, की देव दयाळूही आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर माणसाच्या पापांची क्षमा करायला त्याला कुणाचे तरी रक्त कशाला लागावे? ‘जा, केली क्षमा’ एवढे म्हणून त्याला मोकळे का होता येऊ नये? प्रश्न रास्त आहे. अहिल्यानगरच्या आमच्या चर्चमध्ये मी संडे स्कूल घेतो. तेथली दहावी-अकरावीची मुले मला दरवर्षी हेच विचारतात, आणि त्यांतली निम्मी माझ्या उत्तराने समाधान न होताच घरी जातात. लेखकाने मात्र प्रश्नापाशी न थांबता उत्तरही देऊन टाकले आहे, की ख्रिस्ती लोकांचा वधस्तंभ, म्हणजे माणसांच्या पापांसाठी येशूने क्रूसावर पत्करलेला मृत्यू, ही जत्रेत कापल्या जाणाऱ्या नवसाच्या बोकडाचीच जरा सुधारलेली आवृत्ती. हे उत्तर मला पटलेले नाही, म्हणून हे पत्र.

रक्ताच्या उल्लेखाने मराठी वाचकाच्या कपाळाला आठी पडावी यात नवल नाही. देवाच्या नावाने कोंबडी-बकरी कापू नका, हे गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांतून इतक्या कळवळ्याने सांगितले की ते आपल्या अंगात मुरले आहे, आणि मुरले हे चांगलेच झाले. परंतु हाच सूर बायबलातही आहे, याची लेखात दखल नाही. मला यज्ञ नको, दया हवी, असे होशेय संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो. हजारो मेंढे दिल्याने परमेश्वर संतुष्ट होईल काय, असे विचारून मीखा संदेष्टा न्यायाने वागण्याची, दयेची आवड धरण्याची आणि देवासमोर नम्रतेने चालण्याची वाट दाखवतो. आणि भग्न हृदय हाच देवाला आवडणारा यज्ञ आहे, असे एकावन्नावे स्तोत्र सांगते. ज्या ग्रंथात यज्ञांचे विधी तपशिलाने दिले आहेत त्याच ग्रंथात त्यांच्यावरची ही टीकाही आहे, आणि ख्रिस्ती विश्वास वारसा सांगतो तो या दोहोंचा.

आता त्या विधींकडे वळतो. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचे वर्णन आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तेथले यहुदी, हाच दिवस दारे लावून घेण्याचा सण म्हणून पाळत. मुख्य याजक एरवीची भरजरी वस्त्रे उतरवून साधी तागाची वस्त्रे घालतो, दोन बकरे आणून त्यांवर चिठ्ठ्या टाकतो, एकाचा बळी देतो, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर आपले दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापे मोठ्याने उच्चारतो. मग तो बकरा जिवंतच एका माणसाबरोबर रानात नेऊन सोडला जातो. (दुसऱ्याचा दोष ज्याच्या माथी मारला जातो त्याला आपण ‘बळीचा बकरा’ म्हणतो, गंमत अशी, की या अध्यायात तरी ज्याच्या माथी दोष येतो तो बकरा बळी जातच नाही.) नवसाशी हे कुठे जुळत नाही ते पुढच्याच अध्यायात कळते. नवसात देणारा माणूस असतो आणि घेणारा देव असतो. येथे मात्र देव म्हणतो की जीव रक्तात असतो, आणि तुमच्या प्रायश्चित्तासाठी ते वेदीवर मीच तुम्हाला दिले आहे. देणारा बदलला की सगळा व्यवहारच बदलतो.

शिवाय ज्याची ऐपत कोकराची नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत, आणि तेवढीही ऐपत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे दोन लिटर, सपीठ आणावे, अशी सोय त्याच पुस्तकात आहे. त्या सपिठात रक्ताचा थेंब नाही, तरीही क्षमा आहे. (येशूच्या जन्मानंतर मरिया आणि योसेफ मंदिरात गेले तेव्हा त्यांनी आणलेले अर्पण पाखरांचेच होते, म्हणजे गरिबाचे.) आमचे काही उपदेशक ‘रक्त ओतल्यावाचून क्षमा नाही’ हे बायबलाच्या नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ यातले वाक्य गर्जून सांगतात, परंतु त्याच वाक्याच्या पूर्वार्धात ‘बहुतेक’ असा एक सावध शब्द आहे, तो गाळतात. बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापे दूर होणे शक्यच नाही, हे त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायातले विधानही त्यांना आठवत नाही. तेव्हा देवाला रक्ताची तहान आहे असा समज लेखकाचा झाला असेल, तर त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

मराठीत अडचण शब्दाचीही आहे. ‘प्रायश्चित्त’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ते घेणारा माणूस उभा राहतो. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेरीस न्यायमूर्ती रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले, हे आपण सारे वाचत आलो आहोत. तेथे दोष ज्याच्यावर आला, प्रायश्चित्त घेणाराही तोच होता. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी हाच शब्द उचलला, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात येशू आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त ‘आहे’ असे विधान आले. मराठी कानाला हे खटकते, कारण माणूस प्रायश्चित्त घेतो, तो स्वतः प्रायश्चित्त होत नाही. पण जेथे खटकते तेथेच ख्रिस्ती विश्वासाचे म्हणणे आहे, की अपराध ज्याच्याविरुद्ध झाला, प्रायश्चित्तही त्यानेच स्वतःवर घेतले.

प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही मराठी ख्रिस्ती लोक ‘पाप’ हा शब्द उच्चारत नाही. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड, असे म्हणतो. लहानपणापासून घोकलेल्या या ओळीचा अर्थ मला एका वहीने शिकवला. माझ्या वडिलांचे खेड्यात किराणा दुकान होते. १९७२ च्या दुष्काळात गावातली बहुतेक घरे खडी फोडायला जात होती, मिलो आणि सुकडीवर दिवस काढत होती, आणि दुकानातली उधारी लाल पुठ्ठ्याच्या लांबट वहीत चढत होती. पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर ज्यांच्याकडून वसुली होणे शक्यच नव्हते अशा अकरा घरांच्या खात्यांवर वडिलांनी आडवी रेघ मारली आणि खाली ‘सोडले’ एवढेच लिहिले. मात्र नगरच्या ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलला होता, त्याच्या वहीत तशी रेघ नव्हती. त्याचे पैसे आईच्या पाटल्या मोडून दिले गेले. वही माझ्याकडे अजून आहे. निळ्या शाईची रेघ एका खात्यावर अडखळली आहे आणि तेथे डाग पडला आहे. त्या अकरा घरांना उधारी फुकट सुटली. आमच्या घरी ती फुकट नव्हती.

बसमध्ये कुणाचा पाय आपल्या पायावर पडला तर ‘असू द्या’ म्हणून मोकळे होता येते, कारण तेथे खरे नुकसान झालेलेच नसते. पण विश्वासघात होतो, कुणाची अब्रू जाते, कुणाचे आयुष्य नासते, तेव्हा झालेले नुकसान शब्दाने विरघळत नाही; एक तर ते अपराध्याकडून भरून घ्यायचे, नाही तर क्षमा करणाऱ्याने स्वतः सोसायचे. मराठीत या सोसण्याला पदरमोड असा नेमका शब्द आहे, आणि ख्रिस्ती विश्वासातल्या बलिदानाला याहून जवळचा शब्द मला सापडलेला नाही. देवाने क्षमा केली, आणि तिची किंमत दुसऱ्या कुणाकडून न घेता स्वतः दिली, एवढाच त्याचा गाभा आहे. बलिदान काढून टाकले तर उरते ती क्षमा नसून दुर्लक्ष असते, आणि ज्याचे नुकसान झाले आहे त्याला ही दोन्ही वेगळी कळतात.

लेखकाचा दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. रागावलेल्या बापाने अपराध्यांना सोडून निरपराध मुलाला मारावे, यात न्याय कोणता? चित्र असेच असेल तर आक्षेप बिनतोड आहे, आणि आमच्याच काही व्यासपीठांवरून ते असे रंगवले जाते हे मला कबूल केले पाहिजे. पण प्रेषित पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहितो तो मजकूर वेगळा आहे : देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करीत होता. येशू हा देव आणि माणूस यांच्या भांडणात सापडलेला कुणी तिसरा नव्हे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत बाजूला ठेवला तर वधस्तंभ क्रूरच ठरतो, कारण वडिलांनी शेजारणीच्या पाटल्या मोडल्या असत्या तर त्याला क्षमा कुणी म्हटले नसते, चोरी म्हटले असते. (आईला तरी कुणी विचारले होते का, असे माझी मुलगी विचारते. पाटल्या तिने न मागता काढून ठेवल्या होत्या, हे मी पाहिले आहे; आणि माझा जीव माझ्याकडून कोणी घेत नाही, मी होऊन तो देतो, असे योहानाच्या शुभवर्तमानात येशूही म्हणतो.)

हे नेमके कसे घडते, याचा एकच एक खुलासा सगळ्या चर्चने मिळून कधी ठरवलेला नाही. चौथ्या शतकातल्या नायसीन विश्वासांगीकारात, म्हणजे चर्चने एकत्र म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, येशू ‘आमच्यासाठी’ क्रूसावर खिळला गेला, एवढेच आहे. पौर्वात्य चर्च मृत्यूवरच्या विजयाची भाषा बोलते, आन्सेल्म या धर्मपंडिताने १०९८ च्या सुमारास सरंजामी समाजाला समजेल अशी मानमरातबाची भाषा वापरली, त्याच्यानंतरच्या अबेलार्ड या पंडिताने प्रेमाने माणसाचे मन पालटण्यावर भर दिला, आणि सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी न्यायालयाची भाषा आणली. लेखात या शेवटच्या भाषेलाच सगळा ख्रिस्ती धर्म समजले आहे. कोणतीही उपमा फार ताणली की तुटते. मार्कच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो. भाषांतरकारांना अभिप्रेत होती ती बंदिवानाला सोडवण्यासाठी भरलेली रक्कम, पण आज वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलाला बिल्डरला आलेला फोन आठवतो आणि तो विचारतो, ‘सर, मग खंडणी मागितली कुणी?’ प्रश्न पोरकट नाही. ती सैतानाला दिली, असे काही प्राचीन आचार्य म्हणत, आणि त्यांच्यातल्याच नाझियान्झच्या ग्रेगरीने चौथ्या शतकातच ते झिडकारले होते.

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप घरी परतलेल्या धाकट्या मुलाला कोणताही बळी न घेता क्षमा करतो, हा लेखकाचा हुकमी दाखला. वासरू कापले जाते ते जेवणासाठी, क्षमेसाठी नाही, हे खरेच आहे. पण गोष्टीच्या आरंभी बापाने मालमत्ता दोघांत वाटून दिली आहे आणि धाकट्याने आपला वाटा उडवला आहे. म्हणजे आता घरात जे उरले आहे, ते वासरू, ती अंगठी, तो उत्तम झगा, हे सारे उद्या थोरल्याचे आहे, आणि बाप त्यातून खर्च करतो आहे. थोरला अंगणात उभा राहून मला कधी साधे करडूही दिले नाहीत म्हणून चिडतो, ते त्याला हिशेब कळतो म्हणून. किंमत गोष्टीत आहे. ती धाकट्याला दिसत नाही इतकेच.

राहिला शेवटचा मुद्दा, की किंमत आधीच चुकती झाली असेल तर ख्रिस्ती माणसाला पाप करायला मोकळे रानच मिळाले. असे समजणारे आमच्यात आहेत, हे नाकारत नाही. यहुदी लोकांचे मंदिर इसवी सन ७० मध्ये पाडले गेले आणि बळी थांबले. त्यानंतर संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे, की माणसाने माणसाचा केलेला अपराध प्रायश्चित्ताच्या दिवसानेही फिटत नाही, आधी त्या माणसाचे समाधान केले पाहिजे. येशूचे सांगणेही याहून वेगळे नाही : वेदीपाशी अर्पण आणलेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. जक्कय जकातदाराच्या घरी येशू स्वतः होऊन गेला, क्षमेसाठी त्याने कोणतीही अट घातली नाही, आणि तरीही जक्कयाने उठून अर्धी मालमत्ता गरिबांना व लुबाडलेल्यांना चौपट देण्याचे जाहीर केले.

हे लिहिताना एका मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, पाहिलेला प्रकार आठवतो. एका विधवा बाईंची भिशीची रक्कम त्याच मंडळीतल्या एका गृहस्थाने वापरून टाकली. पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि पंच तिच्या घरी गेले, प्रार्थना केली, आणि ख्रिस्ताने तुला क्षमा केली तशी तूही त्यांना कर, असे सांगून, चहा घेऊन परत आले. पदरमोड आपखुशीची असते. दुसऱ्याच्या पदराला हात घालून ती करवून घेता येत नाही, हे त्यांपैकी एकालाही सुचले नाही. त्या बाई अजून दर रविवारी मागच्या बाकावर बसतात आणि ऋण सोडण्याची ओळ इतरांबरोबर म्हणतात. जक्कयाने चौपट दिले होते. या गृहस्थाने अद्याप मुद्दलही दिलेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर